कुंडलीत केंद्रं चार कशी?

प्रश्न असा आहे: केंद्र म्हणजे मध्य, मग कुंडलीत चार केंद्रं कशी? आणि शनीची 'दृष्टी' नि शनीचा 'केंद्रयोग' हे एकच का?

'केंद्र' संस्कृतात आला ग्रीकांकडून. 'केन्त्रोन' म्हणजे टोचणारं टोक. कंपासचं जे टोक कागदात रुतवून आपण वर्तुळ काढतो, ते केन्त्रोन. त्यावरून भूमितीतला 'मध्य' हा अर्थ आला आणि तोच आपल्या रोजच्या बोलण्यात रुळला. ज्योतिषात मात्र हाच शब्द आकाशाच्या फिरत्या चक्राच्या चार खुंट्यांना लागला: पूर्व क्षितिज, माथा, पश्चिम क्षितिज आणि पायाखालचं पाताळ. कुंडलीतली १, १०, ७ आणि ४ ही स्थानं ती हीच. तेव्हा इथे केंद्राचा अर्थ 'मध्य' घेऊच नये, 'खुंटी' घ्यावा.

या शब्दाची भावंडंही सोबत आली. केंद्रापुढची घरं 'पणफर', त्यापुढची 'आपोक्लिम', दोन्ही ग्रीकच. सातव्या स्थानाचं 'जामित्र' हे नाव ऐकून 'जाया' (पत्नी) आठवते, पण ते आलं 'दियामेत्रोन' म्हणजे व्यास या शब्दावरून. लग्नाच्या, म्हणजे पहिल्या स्थानाच्या, बरोबर समोरचं टोक. कुमारसंभवात पार्वतीच्या विवाहाची तिथी 'जामित्रगुणान्वित', म्हणजे जामित्राच्या गुणांनी युक्त, आहे. परका शब्द कालिदासाच्या श्लोकात इतका सहज बसलेला पाहिला की मला फार आनंद होतो.

'लग्न' मात्र अस्सल संस्कृत. लग् म्हणजे चिकटणं; जन्मवेळी पूर्व क्षितिजाला टेकलेली रास ते लग्न. साधारण दोन तासांनी ती बदलते, म्हणून वेळ नेमकी लागते. विवाहासाठी असं लग्न साधायचं, म्हणून विवाहच 'लग्न' झाला.

आता दृष्टी आणि योग. दृष्टी एकतर्फी असू शकते. प्रत्येक ग्रह आपल्यापासून (स्वतःचं घर पहिलं धरून) सातव्या घरावर पाहतो. शिवाय मंगळ चौथ्या-आठव्यावर, गुरू पाचव्या-नवव्यावर, शनी तिसऱ्या-दहाव्यावर. शनी लग्नात आणि शुक्र दशमात आहे असं धरा. शनी शुक्राला पाहतो, पण शुक्राची नजर समोर चतुर्थावर. त्याला शनी दिसत नाही. शुक्राच्या जागी मंगळ ठेवला, तर दहाव्यापासून चौथं घर लग्नच येतं आणि नजरानजर होते. केंद्रयोग मात्र दोन ग्रहांतलं ९० अंशांचं अंतर, म्हणजे दोघांचा सारखाच. प्रतियोग १८०चा, नवपंचम १२०चा, लाभयोग ६०चा. म्हणून 'शनीची शुक्रावर दृष्टी' पण 'शनि-शुक्र केंद्रयोग' असंच लिहावं. 'शनीचा शुक्रावर केंद्रयोग' हे मला चूक वाटतं. योग कोणावर होत नाही, दोघांत होतो.

'त्या दोघांचं षडाष्टक आहे' हेही इथलंच. मेषेपासून कन्या सहावी, कन्येपासून मेष आठवी.