बागेत माणसे ‘मावतात’ किती?

प्रश्न असा आहे: बेळगावातल्या एका बागेच्या अहवालाचे मराठीकरण चालू आहे. कन्नड मसुद्यात ‘धारण सामर्थ्य’ आहे, मराठी कागदांत कुठे ‘वहनक्षमता’ तर कुठे नुसती ‘क्षमता’. बागेत सोयीने किती लोक येऊ शकतात, यासाठी नेमका शब्द कोणता?

‘वहनक्षमता’ नको. वहन म्हणजे वाहून नेणे. ती ट्रकची असते, कालव्याची असते. बाग कुणाला कुठे नेत नाही. ‘धारणक्षमता’ बरी. जमिनीची जलधारणक्षमता शेतकऱ्याला ठाऊक असते, आणि दोन्ही भाषा वाचणाऱ्या आपल्या भागात कन्नड शब्दाशी सांधाही जुळतो.

बोलण्यातला शब्द मात्र ‘मावणे’. त्याचे मूळ संस्कृत ‘मा’ धातूत, ज्याचा अर्थ मोजणे आणि मावणे असा दोन्ही. माप, प्रमाण, परिमाण ही त्याच घरची. अडचण एवढीच की ‘मावणे’ला सोय-गैरसोय कळत नाही. पोत्यात जोंधळा ठासून भरला तरी तो मावलाच म्हणायचा. तेव्हा ‘सोयीने मावतील’ असे लिहावे.

खरा घोळ शब्दापेक्षा वेळेचा आहे. ‘धारणक्षमता 1200’ म्हणजे एका वेळी की दिवसभरात? दोन एकरांची, म्हणजे 80 गुंठ्यांची बाग घ्या. तळे, स्वच्छतागृह, पार्किंग, कुंपणालगतची झुडपे यांचे 20 गुंठे वजा केले की उरले 60 गुंठे, सुमारे 6070 चौरस मीटर. (ही वजाबाकी विसरणे, ही नेहमीची चूक.) माणशी किती जागा धरायची? चीनच्या 1992 च्या उद्यान-आराखडा नियमांत मोठ्या शहरी उद्यानाला 60 चौरस मीटर, वस्तीतल्या बागेला 30, आणि जागेची कितीही टंचाई असली तरी 15 च्या खाली नाही, असे होते. 30 धरले तर गुंठ्याला साधारण 3.4 माणसे, म्हणजे एका वेळी सुमारे 200. बाग नऊ तास उघडी आणि माणूस सरासरी दीड तास थांबतो, म्हणजे सहा फेऱ्या. 200 गुणिले 6, झाले 1200.

हे 1200 कागदावरच शोभतात. लोक काही नऊ तासांत समान वाटून येत नाहीत. त्यातले निम्मे संध्याकाळच्या दोन तासांत आले, तर ताशी 300 गुणिले दीड तास, म्हणजे 450 माणसे एकाच वेळी आत. माणशी उरले साडेतेरा चौरस मीटर. त्यातही मुले घसरगुंडीपाशीच दाटतात. पलीकडचे लॉन रिकामे असले तरी त्यांना त्याचा उपयोग नाही. सरासरी ही दाटी लपवते.

आणखी एक गल्लत: केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेतले ‘माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा’ हे शहराच्या लोकसंख्येमागे आहे, बागेत आलेल्या माणसामागे नव्हे. त्याला ‘दरडोई’ म्हणा आणि बागेतल्या हिशेबाला ‘माणशी’ किंवा ‘प्रति अभ्यागत’.

अहवालात ‘एकावेळची धारणक्षमता’ आणि ‘दैनिक धारणक्षमता’ असे दोन रकाने करा. फाटकावरच्या पाटीवर ‘एका वेळी सोयीने 200 माणसे’ एवढेच पुरे, आणि खेळण्यांच्या भागाचा आकडा वेगळा मोजून तिथेच लावा.