पुण्यात एक जण हजार रुपयांना बिटकॉइनचं नाणं देतोय, त्यात खरंच बिटकॉइन असतं का?
नसतं, ते सोनेरी नाणं नुसतं शोभेचं आहे, बिटकॉइन म्हणून अजिबात घेऊ नका. बिटकॉइन भरलेलं नाणं वेगळं असतं, म्हणजे माइक काल्डवेलने २०११ ते २०१३ मध्ये विकलेली कॅसेशियस नाणी बघा, होलोग्राम स्टिकरखाली प्रायव्हेट की, म्हणजे बिटकॉइन खर्च करायची गुप्त किल्ली, आणि बाहेर खाते क्रमांकासारख्या बिटकॉइन अ‍ॅड्रेसची पहिली ८ अक्षरं, त्यावरून अ‍ॅड्रेस शोधून ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, बॅलन्स चेक होतो. पण बॅलन्स दिसला म्हणजे पैसे तुमचेच असं नाही हां, नाणं बनवणाऱ्याने की ठेवून घेतली असेल किंवा कुणी स्टिकर अलगद उचलून ती वाचून परत चिकटवला असेल तर नाणं तुमच्या कपाटात राहतं आणि बिटकॉइन दुसराच काढून घेतो. फक्त शोकेससाठी हवं असेल तर घ्या, पण मग हजार जास्त होतात.