समीकरणात छेदाने गुणलेलं चालतं, मग असमानतेत का चालत नाही?

तुम्ही दोन गणितं दिली आहेत. पहिलं, (क्ष + १)/(क्ष − २) ≤ २. तुम्ही दोन्ही बाजूंना (क्ष − २) ने गुणलंत, क्ष ≥ ५ आलं, आणि पुस्तकामागचं उत्तर आहे 'क्ष < २ किंवा क्ष ≥ ५'. दुसरं, क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २. तुमचं उत्तर ३, पुस्तकाचं 'उकल नाही'. छपाईची चूक आहे का, असंही विचारलंय. नाही हो, दोन्ही ठिकाणी पुस्तक बरोबर आहे.

मी घरीच अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो आणि दर वर्षी जूनमध्ये वहीवर हे 'क्ष ≥ ५' मला भेटतंच. मी पोरांना एवढंच सांगतो, शून्य घालून बघ. क्ष = ० घेतलं की डावीकडे १/(−२), म्हणजे उणे अर्धा. तो २ पेक्षा लहान आहेच. "सर, शून्य बसतंय की! पण माझ्या उत्तरात तर नाहीये." मग उणे दहा घाल, उणे हजार घाल, सगळे बसतात. अर्धी संख्यारेषा बाहेर राहिली आणि एकही पायरी चुकल्यासारखी दिसत नाही. म्हणूनच ही चूक सापडायला अवघड जाते.

चूक गुणण्यात आहे. असमानतेला धन संख्येने गुणलं तर चिन्ह तसंच राहतं, ऋण संख्येने गुणलं तर उलटतं. हे तुम्हाला पाठ आहे. पण (क्ष − २) धन की ऋण? क्ष किती ते कळल्याशिवाय कसं सांगणार? चिन्ह न उलटवता तुम्ही गुणलंत, त्याच क्षणी क्ष हा २ पेक्षा मोठा आहे असं न बोलता धरून टाकलंत. त्यामुळे उजवीकडचं उत्तर सापडलं आणि डावीकडचं हातचं गेलं. समीकरणात ही अडचण येत नाही, कारण 'बरोबर'च्या चिन्हाला दिशाच नसते. तिथे फक्त शून्याने गुणायची भीती, आणि तुमचं दुसरं गणित नेमकं त्याच खड्ड्यात पडलंय. त्याच्याकडे नंतर येतो.

आता उपाय. छेदाला हात न लावता सगळं एका बाजूला आणायचं. (क्ष + १)/(क्ष − २) − २ ≤ ०. छेद सारखा करून वर मिळतं क्ष + १ − २क्ष + ४, म्हणजे ५ − क्ष. उरतं (५ − क्ष)/(क्ष − २) ≤ ०. दोन्ही बाजूंना −१ ने गुणू (ही संख्या ऋण आहे हे माहीत आहे, म्हणून बिनधास्त गुणायचं आणि चिन्ह उलटवायचं): (क्ष − ५)/(क्ष − २) ≥ ०. आता प्रश्न फक्त चिन्हांचा राहिला. अंश ५ पाशी चिन्ह बदलतो, छेद २ पाशी. संख्यारेषेचे तीन तुकडे पडतात. ५ च्या पुढे दोघंही धन, भागाकार धन. २ आणि ५ च्या मधे अंश ऋण, छेद धन, म्हणून भागाकार ऋण. २ च्या अलीकडे दोघंही ऋण, भागाकार पुन्हा धन. आपल्याला धन किंवा शून्य हवंय, म्हणून क्ष < २ किंवा क्ष ≥ ५. पाचावर भरीव टिंब, कारण तिथे अंश शून्य होतो आणि शून्य चालतं. दोनावर पोकळ टिंब, कारण तिथे छेद शून्य होतो. प्रश्नात ≤ असो वा ≥, छेदाचं टिंब कायम पोकळ.

गुणायचंच असेल तर (क्ष − २)² ने गुणा. वर्ग कधी ऋण नसतो, त्यामुळे दिशा फिरायची धास्ती नाही. शेवटी २ तेवढा आठवणीने काढून टाकायचा. मला स्वतःला ही पद्धत फारशी आवडत नाही, बहुपदीची कोटी (सर्वांत मोठा घातांक) उगीच वाढते. पण परीक्षेत चालते.

हे सगळं आलेखावर एका नजरेत दिसतं, आणि क्लासमध्ये घाईघाईत आलेखच गाळतात, हे मला पटत नाही. (क्ष + १) ला (क्ष − २) ने भागलं तर भागाकार १ आणि बाकी ३. म्हणजे आपलं फल आहे १ + ३/(क्ष − २). आता कॅल्क्युलेटर घ्या आणि २ च्या जवळ जा. २.१ ला किंमत ३१. २.०१ ला ३०१. दुसऱ्या बाजूने १.९ ला उणे २९, १.९९ ला उणे २९९. दोनाच्या एका अंगाला आलेख आकाशात चाललाय, दुसऱ्या अंगाला पाताळात, आणि मधे शून्याला कुठे स्पर्शसुद्धा नाही. बहुपदीला हे जमत नाही. तिला धनातून ऋणात जायचं तर शून्यातूनच जावं लागतं. परिमेय फलाला, म्हणजे बहुपदी भागिले बहुपदी अशा फलाला, उडी मारता येते. म्हणून टिंबं मांडताना अंशाची शून्यं आणि छेदाची शून्यं दोन्ही घ्यावी लागतात. क्ष = २ ही जी उभी रेषा आलेख कधीच गाठत नाही, ती उभी अनंतस्पर्शी. आणि क्ष खूप मोठा झाला की ३/(क्ष − २) नगण्य होतं, किंमत १ कडे सरकते. १०२ ला ती १.०३ आहे. उंची १ ची आडवी रेषा ही आडवी अनंतस्पर्शी. आता उंची २ वर एक पट्टी आडवी धरा. २ च्या डावीकडचा सगळा आलेख १ च्याही खाली आहे, म्हणजे पट्टीच्या खालीच. उजवीकडचा वरून उतरत येतो आणि ५ पाशी पट्टीखाली जातो. झालं तुमचं उत्तर.

आता दुसरं गणित. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २. (क्ष − ३) ने गुणून क्ष = ३ + २क्ष − ६, म्हणून क्ष = ३. पायऱ्या बिनचूक. पण ३ मूळ समीकरणात ठेवला की दोन्हीकडे छेद शून्य. तुम्ही ज्या पायरीला गुणलंत, तिथे 'क्ष ३ नाही' ही अट घातली होती, आणि उत्तर आलं ते ३ च. मुलं म्हणतात, "मग बाकीच्या पायऱ्या बरोबर कशा?" त्यांना मी असं दाखवतो: उजवीकडचं ३/(क्ष − ३) डावीकडे आणा. (क्ष − ३)/(क्ष − ३) = २. क्ष काहीही असो, ३ सोडून, डावी बाजू १. म्हणजे समीकरण मुळात म्हणतंय की १ = २. त्याला उकल असणार कुठून?

दर वेळी सगळंच वाया जातं असं नाही. क्ष/(क्ष − २) + १/(क्ष + २) = ८/(क्ष² − ४) हे घ्या. छेदांचा लसावि क्ष² − ४. त्याने गुणलं की क्ष² + ३क्ष − १० = ०, अवयव पाडून (क्ष + ५)(क्ष − २) = ०. उत्तरं −५ आणि २. त्यातला २ आधीच बाद आहे. −५ ताडून बघा: ५/७ − १/३ = ८/२१, आणि उजवीकडे ८/(२५ − ४), तेच. माझी शिस्त अशी की गणित सुरू करायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात बाद संख्या लिहायच्या: क्ष ≠ २, क्ष ≠ −२. शेवटी लिहीन म्हटलं की राहून जातं. बारावीला असताना माझे स्वतःचे मार्क असेच गेले होते, म्हणून ही सवय.

(क्ष − ३)/(क्ष − ३) वरून थोडं अवांतर. छेद शून्य होतो तिथे प्रत्येक वेळी आलेख आकाशात जातो असं नाही. अंशही तिथेच शून्य होत असेल आणि तो अवयव पुरता कटत असेल, तर आलेखाला नुसतं एक भोक पडतं. (क्ष² − ४)/(क्ष − २) चा आलेख म्हणजे क्ष + २ ची साधी सरळ रेषा, फक्त क्ष = २ ला उंची ४ वर एक ठिपका गायब. हे शून्य-छेदाचं कोडं आपल्याकडे फार जुनं आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहून ठेवलं. आपल्या भोकाची उंची ४ आहे, तेव्हा ते काही टिकत नाही. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि तिच्यात काहीही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही, असं सांगितलं. लीलावतीत त्यांचं एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं, ६३ आले, संख्या कोणती? ते उत्तर देतात १४. आजच्या शिक्षकाने यावर लाल रेघ मारली असती. पण शून्याच्या जागी अगदी बारीक, तरी शून्य नसलेली संख्या मनात धरा. ती वरखाली कटते, संख्येची साडेचार पट ६३ येते, आणि १४ बरोबर निघतात. म्हणजे भोकाची उंची काढायची युक्तीच ही.

कधी गुणलेलं चालतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही उगीच घाबरून राहाल. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला ताशी ३० ने चढलात आणि उतरताना ताशी 'व' ने आलात, तर जाऊन-येऊन सरासरी वेग ६०व/(३० + व). अंतर कितीही धरा, ते कटून जातं. सरासरी किमान ४५ हवी असेल तर ६०व/(३० + व) ≥ ४५. इथे व हा वेग आहे, शून्याच्या वरच. मग ३० + व पण धनच. खुशाल गुणा: १५व ≥ १३५०, व ≥ ९०. घाट उतरताना ताशी ९०! आणि सरासरी ६० हवी म्हटलं, म्हणजे चढतानाच्या नुसती दुप्पट, तर ६०व = १८०० + ६०व, म्हणजे ० = १८००. उकल नाही. कारण सोपं आहे. समजा अंतर १२ किलोमीटर, तर चढायलाच २४ मिनिटं गेली. ताशी ६० ने २४ किलोमीटर जायला एकूण वेळही २४ मिनिटंच. उतरायला मिनिटभरही उरलं नाही. फल ६० − १८००/(३० + व) असं लिहिलं की दिसतं, ६० ही आडवी अनंतस्पर्शी आहे. ताशी ९०० ने उतरलात तरी सरासरी ५८ च्या जराशी वर.

एक शेवटचा नमुना, कारण यावर हमखास फसवतात. (क्ष − १)²(क्ष + ३)/(क्ष − ४) ≤ ०. टिंबं −३, १, ४. क्लासमध्ये 'वेव्ही कर्व्ह' म्हणून जी पद्धत शिकवतात, ती उजवीकडून अधिक, उणे, अधिक, उणे अशी डोळे मिटून लावली तर इथे मार खाल. (क्ष − १) चा वर्ग आहे, तो १ पाशी चिन्ह बदलत नाही. ४ च्या पुढे धन, १ ते ४ ऋण, −३ ते १ सुद्धा ऋण, −३ च्या अलीकडे धन. उत्तर −३ ≤ क्ष < ४, आणि १ त्यातच सामावला. आता चिन्ह नुसतं < करा: १ ला किंमत शून्य होते, म्हणून तो मधूनच काढायचा. आणि चिन्ह ≥ करून बघा: क्ष ≤ −३, क्ष > ४, आणि दोन्हीकडून तुटलेला एकटा १. हा एकटा १ लिहिणारा विद्यार्थी मला वर्षाला दोन-तीनच मिळतात. तुम्ही हे तिसरं स्वतः करून खाली कमेंटमध्ये टाका. टिंबांपैकी भरीव कोणती आणि पोकळ कोणतं तेही लिहा, मी बघतो.