नाताळच्या सकाळी घरच्यांसाठी खास नाश्ता काय करता येईल? केक सोडून काही सुचवा.

पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल, ती मी देत बसत नाही. मी वसईची, नंदाखालच्या बाजूची. आमच्याकडे नाताळच्या सकाळी काय खायचं हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं आहे. फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे, आणि डुकराच्या मटणाचं सरपोतेल, नाहीतर इंदियाल. ही दोन्ही शिरक्यातली, म्हणजे व्हिनेगरमधली, मसालेदार कालवणं. मागाहून चहाबरोबर कलकल (तळलेला गोड खाऊ), नेवऱ्या (करंज्या) आणि रवा-नारळाचा थाळीतला केक. काय करायचं यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. कोणी करायचं यावर झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. तुम्ही ‘घरच्यांसाठी’ असं लिहिलंय ना, तिथेच मला बोलायचं आहे. कारण घरच्यांमध्ये नाश्ता करणारीही येते, आणि ती टेबलावर नसेल तर तो नाश्ता घरच्यांचा कसा?

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा सणाची सकाळ अशी असायची. 24 तारखेला सासूबाई दिवसभर पायांवर. गोडाची ताटं भरून शेजारीपाजारी पोचवायची, त्यांची आलेली ताटं रिकामी करायची, मुलांनी अर्धवट सोडलेला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा पुरा करायचा. रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. मिस्सा संपली की चर्चच्या आवारात सगळ्यांना भेटून घरी यायला दीड-दोन वाजणारच. आणि पहाटे पाचला सासूबाई पुन्हा तेलापुढे, कारण माझ्या थोरल्या दिरांना फुगे कढईतून थेट ताटात लागायचे. आधी पुरुष बसायचे, मग मुलं, मग आलेगेले. शेवटी सासूबाई आणि आम्ही दोघी सुना. तोवर फुगे गार होऊन चिवट झालेले. सासूबाई बहुतेक वेळा नुसता चहाच घ्यायच्या. तीन तास उकळत्या तेलाचा वास घेतल्यावर कुणाला भूक राहते? त्यांनी सणाच्या सकाळी गरम फुगा खाल्लेला मी कित्येक वर्षं पाहिला नव्हता, आणि तो फुगा घरात सगळ्यांत चांगला त्याच करायच्या.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या डिसेंबरात नाश्त्याचा विषय निघाला तेव्हा दीर सहज म्हणाले, “आहेत ना दोन सुना.” जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “दादा, डुक्कर कापायला तुम्ही. मटणाचे तुकडे करायला तुम्ही. लग्नात अंगणात मोठाली पातेली चढवून गावजेवण रांधायला तुम्हीच पुढे. मग फुगे तळायला काय हरकत आहे?” ते म्हणाले, “ते वेगळं. फुग्याला बाईचाच हात लागतो, आपल्याकडे तसंच आहे.” माझे यजमान गप्प. शेवटी सासूबाईच खाटेवरून बोलल्या, “पीठ मी बसून मळून देते. तळायचं तुम्ही दोघा भावांनी.” आईचा शब्द, कोण मोडणार?

25 च्या सकाळी अंगणात शेगडी मांडली. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि सांगत गेल्या. हात पाण्यात बुडव. पीठ मुठीत घे. मूठ आवळ, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येऊ दे, आता अंगठ्याने तोड. पहिल्या घाण्याला सगळ्या फुग्यांना शेपट्या आल्या, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला चांगले गोल झाले. आणि त्या घाण्यातला पहिला फुगा माझ्या यजमानांनी आईच्या ताटलीत ठेवला. सासूबाईंनी तो फोडून सरपोतेलात बुडवून खाल्ला, दुसरा मागितला, तिसरा मागितला. मला त्या दिवसाचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

आता फुग्यांची कृती, म्हणजे तुमच्या प्रश्नालाही उत्तर मिळेल. सहा माणसांना अर्धा किलो मैदा, तीन अंडी, एका नारळाचं घट्ट दूध, चार मोठे चमचे साखर, एक चहाचा चमचा मीठ, चमचाभर तूप. पीठ रात्रभर ठेवायचं असेल तर यीस्ट अर्धा चहाचा चमचा पुरतं, तासा-दीड तासात हवं असेल तर त्याच्या तिप्पट. नारळाचं दूध कोमट असावं, कढत घातलंत तर यीस्ट मरेल. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि पावाच्या कणकेपेक्षा बरंच सैल. ते हाताने पातेल्याच्या कडेवर आपटत मळायचं, तार सुटेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं तरी. इथे आळस केलात तर फुगे आतून पोकळ होत नाहीत. मिस्सेला निघायच्या आधी झाकून, वर जाड चादर टाकून ठेवा. परत याल तेव्हा पीठ वर आलेलं असतं. तळताना आच मध्यम. तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चा राहतो. फुग्यावर झाऱ्याने तेल उडवत राहा, तो टम्म फुगतो.

दिरांचं सध्याचं म्हणणं असं की यीस्ट घातलं तर ते खरे फुगे नव्हेत, ताडीच हवी. ताडीची चव मला मान्य आहे, वासही वेगळाच. पण पहाटे झाडावरून उतरवलेली गोड नीरा ऊन चढेल तशी आंबून ताडी होते ती कशाने? यीस्टनेच. फक्त ते झाडाबरोबर आणि मडक्याबरोबर आलेलं असतं, पाकिटातून नाही. ताडी ओळखीच्या माणसाकडून खात्रीची मिळाली तर जरूर वापरा. मिळाली नाही म्हणून सण अडवू नका. आणि ज्यांना ताडीच हवी त्यांनी पहाटे उठून ती स्वतः आणावी, हे मी घरात सांगितलं आहे.

परंपरेचंच बोलायचं तर पोर्तुगीजांना वसई मिळाली 1534 मध्ये, आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा ते गेले. सरपोतेल मूळचं त्यांच्या अलेंतेजू प्रांतातलं. आज ज्या मिरचीशिवाय आमचं पान हलत नाही ती अमेरिकेतून त्यांच्याच गलबतांतून इकडे आली. आमच्या बायकांनी त्या सरपोतेलात ताडीचा शिरका आणला, घरचा मसाला आणला, फुग्यांत नारळाचं दूध आणलं. इतकं सगळं बदललं तेव्हा परंपरा शाबूत राहिली आणि कढईशी उभा राहणारा माणूस बदलला की ती मोडते, हे मला पटत नाही. दिरांना मी हे तोंडावर सांगितलंय, इथेही सांगते.

सरपोतेल मात्र सकाळी करायचा पदार्थच नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. 21-22 तारखेला करून ठेवायचं. मटण चरबीसकट मोठ्या तुकड्यांत उकडायचं, पूर्ण गार करायचं, मग बोराएवढे चौकोनी तुकडे कापून परतायचे. कलेजी वेगळी उकडून तशीच कापायची. आलं, लसूण, कांदा, बाटली मसाला, शिरका. बाटली मसाला म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात तो. उजेड लागत नाही म्हणून वर्षभर त्याचा रंग आणि वास टिकतो. तुमच्याकडे तो नसेल तर मालवणी मसाला वापरा, नुसता गरम मसाला घालून सरपोतेल होत नाही. रोज एकदा चांगली उकळी आणायची, कोरडाच डाव घालायचा, बाकी वेळ फ्रिजमध्ये. शिरका मुरत जातो आणि 25 च्या सकाळी ते पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी चांगलं लागतं. बटाटा घालू नका, टिकत नाही.

म्हणजे सणाच्या सकाळी उरतं काय, तर एक पातेलं गरम करणं आणि फुगे तळणं. ते तळायला दोन धडधाकट माणसं पुरतात. तुमच्या घरातही असतील.

प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं हेही खरं. गोव्यात सरपोतेलाबरोबर सान्नां, म्हणजे तांदळाच्या इडलीसारखी, लागतात. आदल्या रात्री आंबवून सकाळी वाफवायची, तेलाचं काम नाही, म्हणजे तीही सोयीचीच. अहिल्यानगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत, जिथे अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून आहे, नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, चिवडा असा फराळ असतो. माझी एक मैत्रीण तिकडची. त्यांच्याकडे डबे आधीच भरलेले, सकाळी उपासनेहून आलं की चहा टाकायचा आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं. मला हे फार आवडतं. दिवाळीचाच फराळ केला, त्यात काय खास, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

तुम्ही डुकराचं मटण खात नसाल तर कोंबडीचं इंदियाल करा, तेही शिरक्यातलंच असतं, पण एक दिवस आधीच करा, जास्त मुरवायची गरज नाही. शाकाहारी असाल तर हिरव्या वाटाण्यांचा, नारळाच्या दुधातला रस्सा फुग्यांबरोबर छान लागतो. अंड्याशिवाय फुगे होतात, मात्र तेवढे हलके होत नाहीत. लहान मुलांना फुगे नुसतेच द्या, किंवा वसईजवळच्या आगाशीकडची सुकेळी मिळाली तर ती सोबत ठेवा. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखी गोड असतात. आणि एक राहिलंच. रात्रभर पीठ बाहेर ठेवायचं ते आमच्या वाडीतल्या थंडीत. तुमच्याकडे डिसेंबरातही उकडत असेल तर पीठ फ्रिजमध्ये ठेवा आणि तळायच्या तासभर आधी बाहेर काढा, नाहीतर नारळाचं दूध आंबट होईल. घरात कुणाला रक्तदाब किंवा पित्ताचा त्रास असेल तर सरपोतेल वाटीभरच.

हल्ली सरपोतेलही बाहेरून मागवतात, आणि घरात करणारं कुणी नसेल तर मागवावं, त्यात कमीपणा नाही. पण करणारी आहे आणि तिला एकटीलाच करायला लावायचं, त्यापेक्षा बाजारचा पाव आणि आम्लेट बरं. किती माणसं आहेत आणि त्यातलं तळायला कोण उभं राहणार ते कळवा, त्या हिशेबाने पिठाचं प्रमाण सांगते.