हरकतीच्या अर्जाने मुदत थांबत नाही

‘वडिलांच्या घरातला एक तृतीयांश हिस्सा भावाने परस्पर बिल्डरला विकला. आम्हा दोघी बहिणींच्या सह्या नाहीत, सिटी सर्व्हेत (शहरातल्या मिळकतींची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात) हरकतही दिली आहे. मग खरेदीखत रद्दच ना?’ साताऱ्याच्या एका भगिनींचे हे पत्र. थोड्याफार फरकाने असाच प्रश्न कितीतरी जण विचारतात.

ताई, रद्द नाही. घर वडिलांनी स्वतः घेतलेले होते आणि ते मृत्युपत्र न करता गेले, असे तुम्ही लिहिता. तेव्हा भावाचा हिस्सा त्याचा स्वतःचा; तो विकायला तुमची संमती लागत नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो हिस्सा विकत घेण्याचा पहिला हक्क तुम्हा बहिणींचा होता. विक्री झाली तरी तो हक्क खरेदीदाराविरुद्ध दावा करून बजावता येतो.

अडचण मुदतीची आहे. अशा दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ९७ प्रमाणे एकच वर्ष मिळते: खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून, आणि तसा ताबा घेता येण्यासारखा नसेल तर खरेदीखत नोंदल्यापासून. अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेल्या, हिश्श्याच्या बाबतीत ताबा कधी, यावर वाद घालता येईल. पण तो वाद हरलात तर सगळेच गेले. म्हणून नोंदणीची तारीखच धरा. तिला दहा महिने झाले आहेत. एवढा काळ तुम्ही हरकतीच्या निकालाची वाट पाहत बसलात, ही मोठी चूक झाली. सिटी सर्व्हेतली नोंद मालकी ठरवत नाही आणि तिथल्या अर्जाने मुदतीचा एक दिवसही वाचत नाही. अपिलाला विलंबमाफी मागता येते, दाव्याला नाही. मुदत कायद्याचे कलम ५ दाव्यांना लागूच नाही.

इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा अधिकृत गोषवारा) आणि खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून लगेच काढा. दाव्यात भाऊ, बिल्डर आणि दुसरी बहीण, तिघेही पक्षकार हवेत. हिस्सा घेण्याची तयारी वादपत्रात (दाव्याच्या लेखी अर्जात) स्पष्ट लिहा आणि पैशांची सोय दाखवणारी कागदपत्रे जोडा. बिल्डरने पुढे कोणाला विकू नये म्हणून मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या, दावा प्रलंबित असल्याची नोटीसही नोंदवा. किमतीवर एकमत झाले नाही तर ती न्यायालय ठरवते. ठरलेल्या किमतीला तुम्ही मागे हटलात तर किंमत ठरवण्याच्या अर्जाचा सगळा खर्च तुमच्यावर येतो, तेव्हा आजचा बाजारभाव आधी काढून ठेवा.

राहते घर असल्याने आणखी एक आधार आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे बाहेरच्या खरेदीदाराला कुटुंबाबरोबर घरात ताबा मागता येत नाही. त्याने खोलीला कुलूप लावायचा प्रयत्न केला तर मनाई मिळू शकते. पुढे त्यानेच वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा विकत मागता येतो. म्हणून घाईने स्वतःच साधा वाटणीचा दावा लावू नका. त्याने ही वाट अवघड होऊ शकते.

एक गोष्ट मात्र दाव्याआधी करा. बहिणीनेही हिस्सा मागितला तर जी जास्त किंमत देईल तिला तो मिळतो, असे कलम २२ मध्येच आहे. तिच्याशी याच आठवड्यात बोला आणि ठरेल ते लिहून घ्या.