जुलैच्या शेवटी आई-बाबांना घेऊन ग्वानाह्वातोला जावं का?

तुम्ही ह्यूस्टनहून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोला चार दिवस जायचं म्हणताय. सोबत नाशिकहून आलेले सत्तरीतले आई-बाबा आहेत. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की तेव्हा तिथे भर पावसाळा असतो, डोंगरउतारावरचं गाव आहे, सगळी सहल खोलीत बसून जाईल. माझं उत्तर: तारखा बदलू नका, जा. फक्त दिवस कसा आखायचा ते नीट ठरवा.

मी सिलाओजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं होते. सिलाओहून ग्वानाह्वातो अर्ध्या तासावर. त्यामुळे शनिवार-रविवार बहुतेक तिथेच जायचे, आणि माझे आई-बाबा पुण्याहून आले तेही जुलैतच.

आधी पावसाबद्दल. भर पावसाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोकणातली झड येते. तसं तिथे काही नाही. वर्षभराचा पाऊस साधारण पुणे शहराइतकाच, ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. सकाळ बहुधा लख्ख असते. दुपारी दोन-तीननंतर डोंगरामागून ढग चढायला लागतात, चार-पाचच्या सुमारास गडगडाट होतो, तास-दीड तास धो धो कोसळतो, कधी गारा पडतात, आणि आठ वाजता रस्ते पुन्हा माणसांनी भरलेले. आपल्या वळवाचीच जात ती. मध्येच काही दिवस पाऊस दडीही मारतो, त्याला तिथे कानिकुला म्हणतात. गाव २,००० मीटर उंचीवर आहे, म्हणून पाऊस पडून गेला की गारठा येतो. आई-बाबांसाठी स्वेटर घ्याच.

म्हणजे उंचावरचं सगळं सकाळी, जमिनीखालचं आणि छपराखालचं दुपारी. एवढं पाळलंत तर पाऊस आडवा येत नाही. पण मला त्याच्याही पुढचं सांगायचंय. ग्वानाह्वातो असं का दिसतं, रस्ते जमिनीखाली का आहेत, देवळाखाली दुसरी इमारत का पुरलेली आहे, हे पावसाळ्यातच कळतं. हे गाव चांदीने उभं केलं, पण त्याला आकार दिला तो पाण्याने.

इथे चांदी सापडली सोळाव्या शतकाच्या मध्यावर, आणि अठराव्या शतकात तर ग्वानाह्वातो चांदीच्या जगातलं पहिल्या रांगेचं नाव झालं. एका अरुंद घळीत, नदीच्या दोन्ही काठांवर गाव वाढलं, कारण खनिज दळायला आणि धुवायला पाणी लागायचं. भट्ट्यांना आणि खाणीतल्या टेकूंना लाकूड हवं, म्हणून भोवतालचे डोंगर उघडे पडले. दळलेल्या दगडाचा गाळ नदीत जाऊन तिचं पात्र वर आलं. मग दर मोठ्या पावसाला पूर. लोकांनी काय केलं? गावच वर उचललं. हार्दिन दे ला उनिओन या मुख्य चौकाला लागून सान दिएगोचं चर्च आहे. त्याच्या बाजूला पायऱ्या उतरून गेलात की खाली जुन्या मठाच्या कमानी आणि खोल्या दिसतात. अठराव्या शतकातल्या पुरांनंतर मठ भरावाखाली गेला आणि आजची पातळी त्याच्यावर उभी राहिली. आता ते छोटं संग्रहालय आहे. दुपारी पाऊस सुरू झाला की आई-बाबांना तिथे न्या. डोक्यावर पाऊस पडत असताना त्या कमानींखाली उभं राहिलं की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचा भीषण पूर १ जुलै १९०५ चा. त्यानंतर पाणी डोंगराखालून वळवणारा मोठा बोगदा पुरा झाला, आणि १९६० च्या दशकात जुन्या नदीच्या पात्रातून गाड्यांचा रस्ता काढला. आज टॅक्सी तुम्हाला ज्या दगडी कमानींखालून नेते, ती नदीची जागा आहे. वर घरांचे मागचे सज्जे लोंबताना दिसतात, मध्येच आभाळाचा तुकडा, पुन्हा अंधार. टॅक्सीवाल्याला सांगून एकदा हा रस्ता पूर्ण करा. स्वतः गाडी मात्र चालवू नका. बोगद्यात मोबाइलचा नकाशा हरवतो आणि फाटे भराभर येतात.

पाण्याला धाकात ठेवायचा एक जुना उपाय म्हणजे अठराव्या शतकातलं प्रेसा दे ला ओया हे धरण. दरवर्षी जुलैच्या पहिल्या सोमवारी समारंभाने त्याची दारं उघडतात, बँड वाजतो, सगळं गाव जमतं, साठलेलं पाणी सोडून नदी धुऊन काढायची ही प्रथा. तुमच्या तारखांना तो सोहळा झालेला असेल. पण धरणाच्या काठावरची बाग आई-बाबांना नक्की आवडेल. चालायला सपाट जागा या गावात फार थोड्या, त्यातली ती एक.

आणि तुमच्या आठवड्यात ३१ जुलै येत असेल तर तो दिवस सोडू नका. लोयोलाचा संत इग्नासिओ हा गावाचा रक्षक संत, त्याचा तो दिवस. याला कुएवाचा, म्हणजे गुहेचा दिवस म्हणतात. लोक बुफा डोंगराच्या कड्यापाशी चढून जातात, गुहेत प्रार्थना होते, माळावर खाणंपिणं, गाणी. काहीजण आदल्या रात्रीच जाऊन राहतात. माझी आई पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "हे तर श्रावणी सोमवारी डोंगरावरच्या शंभूला निघाल्यासारखं दिसतंय." तिने वर चढायचा हट्ट केला नाही, पण उतरणाऱ्या प्रत्येकाकडे ती इतक्या मायेने बघत होती की एका बाईंनी तिच्या हातात रानफुलांची जुडी दिली. चढ खडा आहे. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

खाणीसाठी एक सकाळ पूर्ण ठेवा. गावाच्या वर वालेन्सियाना ही जुनी चांदीची खाण आहे. तिथलं सान कायेतानोचं चर्च १७८८ मध्ये पुरं झालं, खाणमालक काउंटने बांधलेलं. आत सोन्याचा वर्ख दिलेल्या तीन उंच लाकडी वेद्या आहेत. सुंदर आहेत, त्यात वाद नाही. पण माझी विनंती आहे की आधी जवळच्या एखाद्या खाणीच्या तोंडातून खाली उतरा आणि मग चर्चमध्ये जा. तेनातेरो म्हणून जे हमाल होते ते शंभर किलोच्या आसपासचं खनिज पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढायचे. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी हुम्बोल्ट इथे आला तेव्हा ती ओझी बघून त्याने लिहून ठेवलं आहे. ते डोक्यात ठेवून वर्ख बघितला की तो निराळा दिसतो.

खाणीलाही पाण्याचंच भय. झिरपलेलं पाणी उपसायला मालाकाते असायचे: खेचरं गोल फिरवायची आणि दोराला बांधलेल्या कातड्याच्या पिशव्या पाणी घेऊन वर यायच्या. बाबांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "अरे, ही तर मोट." त्यांनी लहानपणी सासवडजवळ आजोबांच्या विहिरीवर मोट हाकलेली. पुढचा अर्धा तास त्यांनी गाइडला मोट कशी असते ते हातवारे करून सांगितलं आणि त्यानेही मन लावून ऐकलं. १८१० मध्ये स्पेनविरुद्ध सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धात हा उपसा बंद पडला, वालेन्सियाना पाण्याने भरली, आणि १८२० च्या दशकात इंग्रज कंपनी तिचं पाणी उपसायला आली.

तेच युद्ध आलोंदिगा या धान्याच्या कोठारात दिसतं. स्पॅनिश लोक आत कोंडून बसले होते आणि पीपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडाची लाद बांधून, गोळ्या झेलत जाऊन दार पेटवलं, अशी कथा आहे. तो खरंच होऊन गेला का यावर इतिहासकारांत वाद आहे. मला मात्र ती गोष्ट पटते, कारण पाठीवर दगड पेलणं हेच त्या माणसांचं रोजचं काम होतं. कोठाराच्या चार कोपऱ्यांवर पुढे या लढ्याचा नेता, पाद्री इदाल्गो, आणि त्याच्या तीन साथीदारांची शिरं दहा वर्षं टांगलेली होती. आज आत संग्रहालय आहे, दुपारच्या पावसाला उत्तम. पीपिलाचा मोठा पुतळा टेकडीवर आहे. तिथे फुनिक्युलरने, म्हणजे उतारावरच्या रूळगाडीने चढा, पण सकाळी. पहिल्या वर्षी मी चार वाजता गेले होते आणि वीज चमकायला लागल्यावर उघड्या कठड्यापाशी अडकले. गारा इतक्या जोरात आल्या की एका टपरीवाल्या आजींनी मला अक्षरशः ओढून आपल्या पत्र्याखाली घेतलं. आई-बाबांना घेऊन तो धोका पत्करू नका.

ममींचं संग्रहालय प्रसिद्ध आहे. मी पाहुण्यांना तिथे नेत नाही. कबरीच्या जागेचा कर भरायला नातेवाइकांकडे पैसे नव्हते म्हणून उकरून काढलेली ती माणसं आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. काचेमागे त्यांना बघत जाणं मला सहन झालं नाही. तुम्ही ठरवा. त्याऐवजी पोसितोस रस्त्यावर चित्रकार दिएगो रिवेराचं जन्मघर बघा.

राहायची जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: टॅक्सी थांबते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या? फोटो, सज्जा, दृश्य हे सगळं नंतर. आम्हाला एका हॉटेलने सांगितलं होतं की गाडी दारात येते. प्रत्यक्षात टॅक्सी बोगद्यात थांबली आणि भर पावसात चार बॅगा घेऊन आम्ही नव्वदेक पायऱ्या चढलो. गल्ली म्हणजे ओढा झाला होता. आईचा पाय सरकला, सुदैवाने फक्त खरचटलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गल्ल्यांतले दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत आणि ओले झाले की साबणासारखे होतात. रबरी तळव्याचे, पक्की पकड असलेले बूट प्रत्येकाला हवेत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. चुंबनाच्या गल्लीत समोरासमोरच्या सज्ज्यांमध्ये ६८ सेंटीमीटर अंतर आहे, बाकीच्या गल्ल्याही रुंद नाहीत, त्यात छत्री उघडली की वाट बंद.

खाण्याची काळजी करू नका. बाजारात पावसाळ्यात वेर्दोलागास मिळते, ती आपली घोळाची भाजी. केलितेस म्हणजे रानातल्या पालेभाज्या, त्यातल्या काही माठ-राजगिऱ्याच्या कुळातल्या. घोळाची जुडी बघून आईने बाजारातच हसून टाळी वाजवली. कणसं भाजलेली आणि उकडलेली दोन्ही, वर चीज, तिखट, लिंबू. मेयोनेज नको असेल तर आधी सांगा. कणसावर पावसाळ्यात येणारी काळी बुरशी, वितलाकोचे, हे तिथलं लाडकं खाणं आहे. क्वेसादियात, म्हणजे घडी घातलेल्या मक्याच्या पोळीत, घालून खाऊन बघाच, मशरूमसारखी मातकट चव असते. एंचिलादास मिनेरास, खाणकामगारांच्या एंचिलादा, चीज भरलेल्या आणि वर बटाटा-गाजर. शाकाहारी असाल तर कोंबडी नको म्हणा आणि घेवड्याची उसळ घेण्याआधी "सिन मांतेका?" असं विचारा, कारण त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. याच दिवसांत फड्या निवडुंगाची फळं, तूनास, सोलून मिळतात. उन्हातून फिरून आल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला की साडेआठच्या सुमारास सान दिएगोच्या पायऱ्यांपाशी जा. जुन्या स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या वेशातली गाणारी मंडळी तिथून लोकांना घेऊन गल्ल्यांतून फिरतात. सगळी फेरी आई-बाबांना झेपणार नाही, चढ फार आहेत. त्यांना तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहासमोरच्या बाकावर बसवा. तिथला हिरवट कांतेरा दगड भिजला की गडद होतो, कोरडा असताना त्यात न दिसणारा रंग वर येतो, आणि दिवे लागले की सगळा चौक त्या रंगात बुडतो. माझे बाबा तिथे दोन तास बसले होते. ग्वानाह्वातो या नावाचा पुरेपेचा या मूळनिवासी भाषेतला अर्थ बेडकांची टेकडी असा सांगतात, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "मग बेडूक कुठे आहेत?" मी त्यांना दुसऱ्या दिवशी गावाच्या वेशीवरचे दगडी बेडूक दाखवले. पण खरा बेडूक आम्हाला प्रेसा दे ला ओयाच्या काठावर ऐकू आला, निघायच्या आदल्या रात्री, पाऊस नुकताच थांबला होता तेव्हा.