वाचलेलं लक्षात राहत नाही, मन लागत नाही, रोज काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वाचलेलं दोन दिवसांत विसरायला होतं आणि वाचायला बसलं की दहा मिनिटांत मन भरकटतं. काही वर्षांपूर्वी माझंही अगदी असंच होत होतं. एकेक प्रकरण चार-चार वेळा वाचायचो. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी.

मला उपयोग झाला तो एका सवयीचा. वाचून झालं की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल तेवढं लिहून काढायचं. पहिल्या दिवशी जेमतेम तीन ओळी झाल्या. चौथा मुद्दा डाव्या पानावर अगदी खाली होता एवढं डोळ्यांसमोर येत होतं, पण मुद्दा काही आठवेना. अशा वेळी लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर डोक्याला ताण द्या, मग बघा. तो मुद्दा मला आजही पाठ आहे.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, तर दुसऱ्यांदा वाचण्याऐवजी आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. नुसतं वाचणं फसवतं ते इथेच, त्या क्षणी सगळं आलंय असं वाटतं.

पहिली उजळणी दुसऱ्या दिवसाच्या पुढे ढकलू नका, कारण विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करून 1885 मध्ये हे मांडलं होतं. पुढच्या उजळणीत तीन-चार दिवसांचं, मग आठवड्याचं अंतर चालतं.

मन लागण्यासाठी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर पालथा ठेवून भागत नाही, हात जातोच. शेजारी एक कागद असू द्या. मध्येच ‘बिल भरायचंय’ असं काही आठवलं की तिथे टिपा आणि परत ओळीवर या. सुरुवातीला वीस मिनिटं सलग बसलात तरी खूप झालं.

झोप मोडून अभ्यास करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. रोज थोडं भरभर चालणंही मेंदूला चांगलं.

किल्ली, चष्मा कुठे ठेवला हे आठवत नसेल तर ठेवताना तोंडाने म्हणा, ‘किल्ली खिडकीत ठेवली.’ ठेवताना लक्षच नसतं, मग आठवणार कुठून?

विसरणं अचानक वाढलं असेल किंवा सोबत खूप थकवा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बी12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास असला तरी असं होतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि त्यावर उपचारही आहेत.